वावळ्याचा शटडाऊन

भर मे महिन्यात, पानांनी गच्च भरलेल्या वावळ्याची मुळं मी चारही बाजूंनी तोडली आणि झाड उपटून कुंडीत ठेवलं. दहाव्या दिवशी ते मेलं.

यात सबबीला जागा नाही. कीड नव्हती, पाणी कमी पडलं नव्हतं, कुणाची नजर लागली नव्हती. कुदळ माझी, करवत माझी आणि अक्कलही माझीच.

ही अक्कल कुठून आली ते सांगतो. तेहतीस वर्षं मी वीज खात्यात वायरमन होतो. वायरमनचा आणि झाडाचा संबंध एकाच प्रकारचा असतो. पावसात फांदी तारेवर आली की दहा वाड्या अंधारात जातात, म्हणून दरवर्षी मे महिन्यात लाईनखालची झाडं छाटत सुटायचं. आंबा, फणस, उंडी, भेंड, समोर येईल ते. लोक खालून शिव्या घालत आणि आम्ही वरून कोयता चालवत असू. आणि मे महिन्यात बोडकं केलेलं झाड गणपतीपर्यंत दुप्पट माजतं, हे मी तेहतीस वेळा डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे झाडावर हत्यार चालवायचं ते मे महिन्यातच, हे माझ्या हाडात बसलं होतं. फांदी वेगळी आणि मूळ वेगळं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. मी विचारलं नव्हतं.

आता वावळा का, तेही सांगायला हवं. देवरूखच्या रस्त्याला एका वळणावर एक जुना वावळा होता. बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा, आणि लाईन नेमकी त्याच्या डोक्यावरून गेलेली. दर वर्षी मी त्याला छाटायचो आणि दर वर्षी तो फुटायचा. त्याचं पान चुरगळलं की असा काही घाण वास सुटतो की जेवताना हातसुद्धा आपला वाटत नाही. उन्हाळ्यात त्याला चपट्या, कागदी पापडीसारख्या बिया धरतात आणि वाऱ्यावर सुटतात. एका मे महिन्यात त्या माझ्या हत्यारांच्या पिशवीत शिरल्या. बायकोने पिशवी अंगणात झटकली आणि पावसात तिथे रोपं उगवली. त्यातली तीन मी रंगाच्या रिकाम्या डब्यात लावली. का लावली, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

पुढे रस्ता रुंद झाला आणि तो वावळा गेला. तो पाडताना लाईन बंद करायला खात्यातून माणूस लागतो. तो माणूस मीच होतो. स्विच खाली ओढला, खांबाशी उभा राहिलो आणि दुपारपर्यंत यंत्राचा आवाज ऐकला. घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर डब्यातल्या रोपांना पाणी घातलं.

बोन्सायचं वेड त्याच सुमारास मोबाइलमधून घरात आलं. परदेशातला कुणी दाढीवाला माणूस शंभर वर्षांचं एल्मचं झाड ताटाएवढ्या कुंडीत ठेवून त्याच्याशी कौतुकाने बोलत होता. कुणीतरी खाली लिहिलं होतं की आपला वावळा याच्याच भाऊबंदांपैकी. झालं! तो अख्खा वावळा नाही वाचवता आला, तर निदान त्याची मुलं तरी ताटात वाढवीन, असं मी ठरवलं.

बोन्साय करायचं तर झाड आधी काही वर्षं जमिनीत वाढवावं लागतं, म्हणजे बुंधा लवकर जाडावतो. पण जमिनीत मुळं मोकाट सुटतात, खाणं शोधत लांब जातात, आणि एक दिवस झाड उथळ कुंडीत आणायचं म्हटलं की बुंध्याजवळ बारीक मूळ नावालाही नसतं. म्हणून अधूनमधून मुळं छाटायची. मग ती जवळच्या जवळ बारीक फुटतात. रोपाखाली एक कौल पालथं घालायचं, म्हणजे मुळं खाली न जाता आडवी पसरतात. हे सगळं व्हिडिओत होतं. मुळं कधी छाटायची, हेही त्यात असणारच. पण तेवढ्यात जाहिरात लागली आणि मी चहा प्यायला उठलो.

आमचं घर कातळावर. अंगणात वीतभर माती, तीही विकत आणलेली. म्हणून तिन्ही रोपं शेजारच्या भाईंच्या परड्यात लावली. भाई माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. वीस वर्षं कुवेतला होते, मोठ्या लोकांच्या बागांतली खजुराची वाढलेली झाडं एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावायच्या कामावर. म्हणजे या विषयातला जाणता माणूस गडग्याच्या, दोन घरांमधल्या दगडी कुंपणाच्या, पलीकडे राहत होता. गडगा कमरेएवढाच होता. तरी मी त्यांना विचारलं नाही.

निवृत्त झालो त्याच्या पुढच्या मे महिन्यात कुदळ घेऊन परड्यात गेलो, तेव्हा भाई पडवीत बसले होते.

"काय वायरमन, काय खणतोस?"

"मुळं छाटतोय, भाई."

"आता? पाऊस कुठाय?"

"येईल की पंधरा दिवसांत."

"आणि तोवर ता पिणार काय? तुझा घाम?"

"भाई, खजुराचं वेगळं, वावळ्याचं वेगळं."

"बरं," भाई म्हणाले. आमच्याकडे 'बरं' दोन प्रकारचं असतं. एक होकाराचं आणि दुसरं, 'कर हो, आम्ही बघतोच' असं. हे दुसरं होतं.

पहिल्या दिवशी पानं मान टाकून बसली. चौथ्या दिवशी ती पापडासारखी वाजायला लागली. मी रोज दोन बादल्या पाणी ओतत होतो, आणि ते पाणी प्यायला खाली तोंडच शिल्लक नव्हतं. दहाव्या दिवशी बाहेरून आलो तर बायकोने त्याच्या फांद्यांवर पायपुसणी वाळत घातलेली.

"अगं, झाड आहे ते!"

"होतं," ती म्हणाली.

संध्याकाळी भाई गडग्यापाशी आले. झाडाकडे पाहिलं, पायपुसण्यांकडे पाहिलं.

"वायरमन, खांबावर चढायच्या आधी काय करायचास?"

"शटडाऊन घ्यायचो. लाईन बंद."

"नाय घेतलास तर?"

"तर मी आज इथे तुमच्याशी बोलत नसतो."

"मग? मे महिन्यात झाड पुरं चालू असतं. पानं वर पाणी ओढतायत, ऊन वरून भाजतंय, आणि तू खाली जाऊन केबल तोडलीस. चालू लाईनीवर हात घातलास तू. फक्त मेलं ता, तू नाय मेलास."

तेहतीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांनीही मला इतकं सरळ सुनावलं नव्हतं.

त्यानंतर मी घाबरलो. एवढा घाबरलो की उरलेल्या दोन झाडांना दोन वर्षं हातच लावला नाही. शेंडा तेवढा वाढेल तसा खुडायचो, जमिनीखाली मात्र बघायचं नाही. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा ही जास्त आळशी होती. कारण मूळ काही तुमच्या भीतीसाठी थांबत नाही. दुसऱ्या वावळ्याचं एक मूळ कौलाच्या कडेवरून बाहेर पडलं, जांभ्याच्या फटीतून वाट काढत भाईंच्या जमिनीतल्या पाण्याच्या टाकीपर्यंत पोचलं आणि टाकीची भिंत फोडून आत शिरलं. ऐन एप्रिलमध्ये टाकी रोज सकाळी रिकामी. गवंडी बोलावला. त्याने भिंत उघडली आणि मनगटाएवढं ते मूळ कुऱ्हाडीच्या दोन घावांत तोडलं. झाडाला तेवढा एकच आधार होता. तेही गेलं.

भाई टाकीतून बाहेर आले ते हातभर लांबीचं मूळ हातात घेऊनच. माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे घे तुझी अंडरग्राउंड केबल."

आता एकच वावळा उरला होता. त्या वळणावरच्या झाडाचं या जगात दुसरं काही शिल्लक नव्हतं, आणि ते शेवटचं जिथे उभं होतं तिथून चार पावलांवर मी, कुदळीसकट. झाडाच्या जागी मी असतो तर पळून गेलो असतो.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिऊन डोकं जागेवर आल्यावर मी ठरवलं: हे झाड मरू द्यायचं नाही. आणि त्यासाठी आधी एक वर्षभर काहीच करायचं नाही, फक्त बघायचं. सबस्टेशनात आम्ही तासातासाला रीडिंग लिहायचो. तशी एक वही केली आणि वावळ्याचं रीडिंग लिहायला लागलो. बायको म्हणाली, "माझा बीपी लिहिला असतात एवढ्या वेळा तर." तेही लिहायला लागलो, शेजारच्या रकान्यात.

वहीत जे उमटलं ते असं. पावसाळाभर आणि दिवाळीपर्यंत झाड हिरवंगार. थंडी पडली की पानं पिवळी व्हायला लागतात. संक्रांत उलटली की गळायला लागतात, आणि मग एका सकाळी झाड पुरतं उघडं. त्यानंतर दोन-तीन आठवडे काहीच घडत नाही. वहीची पानं 'काही नाही, काही नाही' यांनीच भरलेली. मग उघड्या काड्यांवर बारीक हिरवट फुलोरा येतो, मागून पापड्या आणि उन्हं तापली की कोवळी पानं.

ते 'काही नाही'वालं पान मी किती वेळा वाचलं असेन. एरवी मला ते दिसलंच नसतं. शेवटचं पान गळणं आणि पहिला डोळा फुगणं, यांच्यामधले ते दोन-तीन आठवडे. वर लोड नाही, पण बुंध्यात आणि मुळांत वर्षभराची साठवण भरून ठेवलेली. झाड दर वर्षी आपण होऊन शटडाऊन देतं आणि मी गडी मे महिन्यात करवत घेऊन जातो! परदेशातला दाढीवाला मार्चमध्ये छाटतो, कारण त्याच्याकडे तेव्हा बर्फ वितळतो. आमच्याकडे मार्चमध्ये आंब्याच्या पेट्या भरतात. तारीख त्याची घ्यायची नाही, झाडाची घ्यायची.

वही घेऊन भाईंकडे गेलो. या वेळी आधी विचारलं.

"अर्धाच तोड," भाई म्हणाले. "अर्धा गोल यंदा, अर्धा पुढल्या वर्षी. एक अंग खातं-पितं ठेवायचं. आम्ही खजुराला तसंच करायचो. घाई करणाऱ्याला मुकादम घरी पाठवायचा."

हे तर मला आधीच कळायला हवं होतं. एका फीडरवर, म्हणजे गावाला वीज देणाऱ्या एका लाईनवर, काम काढायचं तर आधी गाव दुसऱ्या फीडरवर घ्यायचं. तेहतीस वर्षं हेच केलं होतं.

त्या जानेवारीत, शेवटचं पान पडल्याच्या चौथ्या दिवशी, वावळ्याच्या पूर्वेकडून अर्धगोल चर खणला. बुंध्यापासून हातभर अंतरावर. जाड मुळं करवतीने स्वच्छ कापली, चरात जांभ्याचा चाळलेला चुरा आणि कुजका पातेरा भरला, पाणी दिलं. पश्चिमेला हात लावला नाही. आणि सवयीप्रमाणे, खात्यातली एक जुनी लाल पाटी घरात होती ती बुंध्याला बांधली: 'काम चालू आहे. स्विच चालू करू नये.'

"कोण करणार आहे चालू?" बायकोने विचारलं. "माकडं?"

झाडाला काही झालं नाही. उन्हाळ्यात ते नेहमीसारखं फुटलं. पुढच्या जानेवारीत पश्चिमेची बाजू कापायची, उचलायचं आणि घरी आणायचं. मी वहीत त्या पानावर आधीच खूण करून ठेवली.

पण झाडाला शटडाऊन असतो तशी कुवेतच्या नोकरीला सुट्टी असते. भाईंचा मुलगा तिथे कामाला. दोन वर्षांनी एकदा, एक महिना. त्या वर्षी तो डिसेंबरात आला, आणि भाईंच्या परड्यात नवं घर बांधायचं ठरवूनच आला. मिस्त्रीने फक्की मारून पायाची रेघ आखली. मी गडग्यावरून पाहिलं, तर वावळा बरोबर स्वयंपाकघराच्या मधोमध.

मुलगा स्वतः घरी आला. चहा घेतला आणि संकोचाने म्हणाला, "काका, ता झाड काढायला लागेल."

"काढणार आहे रे. जानेवारी संपेपर्यंत थांब."

"तेव्हा मी नसणार, काका. माझी सुट्टी संपते. पाया मी असताना पडायला हवा. अब्बांच्या हातून पहिला चिरा ठेवायचाय. पुढल्या वेळी मी येईन तेव्हा..." तो थांबला. पलीकडच्या पडवीतून भाईंच्या खोकल्याचा आवाज येत होता.

त्याचं बरोबर होतं, हीच पंचाईत. समोरचा चुकीचा असला की हट्ट करायला बरं पडतं.

त्यात त्या वर्षी पाऊस लांबला होता, पार दिवाळी ओलांडून गेला होता. त्यामुळे वावळ्याला पान गाळायची शुद्धच नव्हती. डिसेंबर निम्मा झाला तरी साहेब हिरवेगार. मी रोज सकाळी वही घेऊन जायचो आणि लिहायचो: 'पिवळी पाने, नऊ.'

जेसीबी आला त्या दिवशी मी प्लास्टिकची खुर्ची घेतली आणि झाडाखाली जाऊन बसलो. आंदोलन म्हणून नव्हे. मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

जेसीबीवाला खाली उतरला. "काका, खुर्ची घ्या बाजूला."

"मी बसलोय."

"ते दिसतंय. पण मला खणायचंय."

"खण की. तिकडून सुरू कर."

तो भाईंच्या मुलाकडे बघायला लागला. मुलाने भाईंकडे पाहिलं. भाई पडवीतूनच म्हणाले, "त्याला बसूं दे. पलीकडनं धर. चार दिवस लागतील इथवर यायला. त्याच्यात काय करायचं ता करूं दे त्याला."

चार दिवस. पहिले दोन मी खुर्चीत बसून पानांकडे बघण्यात घालवले, जणू बघितल्याने ती पडणार होती. तिसऱ्या दिवशी चर आठ-दहा हातांवर आला. जेसीबीवाला जेवायला बसला की मला हाक मारायचा, "काका, पडलं का एखादं?" वहीत लिहिलं: 'पिवळी पाने, चौदा.'

आणि ते लिहितानाच डोक्यात लख्ख उजेड पडला. लाईनवर लोड जास्त आहे आणि सप्लाय तोडायचाच आहे, तेव्हा खातं काय करतं? लोड उतरवतं. आपण होऊन उतरत नसेल तर हाताने उतरवतं. माझ्या हाताने मी किती गावांचं लोडशेडिंग केलं होतं, आणि त्यापायी किती शिव्या खाल्ल्या होत्या! इथे तर शिव्या द्यायलाही कुणी नव्हतं. झाड पान गाळत नाही ना? मग मी गाळतो.

भाईंना विचारलं. हो, विचारलं. ते म्हणाले, "खजुराची आम्ही पानं छाटून बाकीची वर बांधायचो. भार कमी करायला. होईल कदाचित. पण देठ ठेव. देठाच्या बगलेत डोळा असतो, तो नको ओरबाडू."

चौथ्या दिवशी सकाळी मी स्टुलावर चढलो. एकेक पान, देठ राखून, कात्रीने. झाड माझ्याहून हातभरच उंच होतं, पण त्या उंचीत किती पानं मावतात हे ज्याने कधी मोजलं नाही तो सुखी. तासाभराने बायको शिवणाची कात्री घेऊन आली. "जेवायला बसायच्या आत संपायला हवं," म्हणाली आणि दुसऱ्या बाजूने लागली. मग भाई आले, माझ्याच खुर्चीत बसले आणि खालच्या फांद्या धरल्या. आणि वास! वावळ्याच्या कापलेल्या पानांचा तो वास भाईंच्या परड्यातून आमच्या पडवीत, पडवीतून माजघरात गेला. जेसीबीवाला डबा घेऊन लांब जाऊन बसला.

"वहिनी, कुवेतला उंटांच्या गोठ्यात बरा वास होता," भाई म्हणाले.

"भाई, यांच्या डोक्यातून काहीही निघालं तरी असाच वास येतो," बायको म्हणाली.

बारा वाजता झाड उघडं झालं. देठांची नुसती टोकं. मी पश्चिमेचा चर खणायला घेतला. जाड मुळं कापली, मग आधीच्या वर्षीच्या पूर्वेच्या चरातला चुरा हाताने उकरला. आणि थांबलो. जिथे करवत चालवली होती तिथून बारीक मुळांचे झुपकेच्या झुपके फुटले होते, भुऱ्या केसांसारखे, चुऱ्याला घट्ट धरून बसलेले. आयुष्यात पहिल्यांदा मी तोडलेल्या जागी मला हवं तेच उगवलं होतं. भाईंना दाखवलं. त्यांनी खुर्चीतून उठून वाकून पाहिलं. गुडघ्याच्या त्रासाचा माणूस वाकतो तेव्हा त्याला प्रशस्तिपत्र समजायचं.

उचलायला गेलो तर मी, भाईंचा मुलगा आणि मिस्त्री, तिघांनाही झाड हलेना. शेवटी जेसीबीवाल्याने बादली खाली आणली. तिच्यात ओली गोणपाटं अंथरली, झाड आडवं ठेवलं, आणि ज्याच्यापासून मी चार दिवस झाड राखत होतो त्याच यंत्रातून ते गडग्यावरून आमच्या अंगणात उतरलं. मुलगा मोबाइलवर चित्रण करत होता. त्या चित्रणात मी बादलीच्या पुढे हात वर करून चालताना दिसतो. का, ते मलाही माहीत नाही.

अंगणात मासळीचा एक निळा क्रेट तयार ठेवला होता, तळाला भोकं पाडून. जुनं कौल मुळांतून अलगद सोडवलं. त्यावर मुळं खेकड्याच्या पायांसारखी चहूकडे आडवी पसरलेली. चुरा भरला, पाणी दिलं, पडवीच्या सावलीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाईंनी पहिला चिरा ठेवला. दुआ झाली. मुलाने बापाचा हात धरला होता आणि दोघांच्याही हातांना अजून वावळ्याचा वास येत होता. आठवड्याने मुलगा गेला.

मग वाट पाहणं सुरू झालं. पानं हाताने गाळता आली, तशी हाताने फुटवता काही येईनात. जानेवारी गेला. भाईंच्या भिंती कमरेएवढ्या झाल्या. फेब्रुवारीही सरला. झाड म्हणजे नुसती काडी. रोज सकाळी मी नखाने साल खरवडून बघायचो, खाली हिरवं आहे का. हिरवं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, जरा शेजारी.

भाईंनी एकदा पाहिलं. "सबर कर रे. असा रोज नखं लावशील तर जितं असलं तरी मरेल."

कुवेतहून मुलाचा फोन येई तो आधी भिंतीबद्दल विचारी, मग हळूच: "काका, ता झाड?" मी म्हणायचो, "आहे."

एका सकाळी बायको पायपुसणं हातात घेऊन क्रेटसमोर उभी राहिली. "घालू का?"

"शिमग्यापर्यंत थांब."

"बरं," ती म्हणाली. दुसऱ्या प्रकारचं.

शिमगा आला. पालखी वाडीत आली, सगळी माणसं ढोलांच्या मागे गेली. मी पडवीत पाण्याचा तांब्या घेऊन वाकलो होतो. बुंध्याच्या खालच्या अंगाला, माझ्या नखांच्या दोन ओरखड्यांच्या मधोमध, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी हिरवट होतं. चष्मा पुसून पाहिलं. वर आणखी एक. देठ गळून पडलेल्या जागांवर आणखी पाच-सहा. मी हातातला तांब्या तिथेच ठेवला आणि गडग्यावरून, म्हणजे गडगा ओलांडून, पासष्टीच्या वयात, भाईंच्या पडवीत गेलो.

"भाई! चला, चला!"

भाई काठी टेकत आले. बायकोही पालखीवरून परतली होती. तिने पाहिलं आणि दोरीवरचं पायपुसणं ओढून खांद्यावर टाकलं, तेवढीच तिची शरणागती. भाईंनी खुर्ची मागवली. बसले, चष्मा लावला. आधी डोळे मोजले, मग सावकाश बोट फिरवत माझ्या नखांचे ओरखडे मोजले. ते डोळ्यांपेक्षा बरेच जास्त निघाले.

मी शाबासकीची वाट बघत उभा होतो. इतकी वर्षं, दोन मेलेली झाडं, एक भरलेली वही, जेसीबीपुढची खुर्ची, काहीतरी तर म्हणतील.

भाईंनी चष्मा काढला.

"वायरमन, आता ह्या झाडाला कुठंपण ठेव, कायपण कर. तुझ्या हातून जे मेलं नाय, त्याला आता कुऱ्हाडीनेपण मरण नाय."